आपोआप लागणारं फाटक

सोमवार, ४ मार्च

पालिकेतल्या बाईंनी सांगितलं म्हणून ही वही. एरवी मी मापांपलीकडे काही लिहिणारा माणूस नव्हे. पण बाई म्हणाल्या, "काका, नुसतं 'कुत्र्यांचा त्रास आहे' म्हणून चालत नाही. तारीख, वेळ, काय झालं, कोणाला झालं, सगळं लिहून आणा. मग गाडी पाठवू." चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि माझ्याशी बोलताना तो डोळ्यांवर चढवायची तसदीसुद्धा घेतली नाही. म्हटलं ठीक आहे. मापाच्या वहीची मागची पानं कोरीच होती.

तर लिहितो. मी सुतार. बेचाळीस वर्षं लोकांची दारं-खिडक्या करतोय. घर गल्लीच्या टोकाला. पुढे अंगण, अंगणात एका कडेला पत्र्याखाली माझं कामाचं टेबल, रस्त्याच्या बाजूला लाकडी फाटक. गल्लीच्या तोंडाशी एक बंद गोदाम आहे. तिथल्या चौकीदाराने तीन कुत्री पाळली होती. गोदाम बंद पडलं, चौकीदार गेला, कुत्री राहिली. आता ती कोणाचीच नाहीत आणि गल्ली मात्र त्यांची आहे.

नावं मी ठेवली. मोठा काळा तो मुकादम, कारण गल्लीत कोण आलं कोण गेलं याची हजेरी तोच घेतो. दुसरी लंगडी. तिसरी भुरी, ती स्वतः काही करत नाही, पण मुकादम धावला की मागून हिचा गलका. पोस्टमनला मुकादम दोनदा चावलाय. तो आता आमची पत्रं कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे ठेवून जातो.

आणि तीन वर्षांपूर्वी मुकादम आमच्या अंगणात शिरून माझ्या नातीला चावला. पोटरीला सात टाके. तेव्हा तीन वर्षांची होती. आम्ही तिला बुटकी म्हणतो.

तेव्हापासून पोरगी माहेरी आलेली नाही. त्या दिवशी रागाच्या भरात मीही दोन शब्द बोललो असेन, पण रागात कोण बोलत नाही? ते कारण नव्हे. कारण कुत्री. ती स्वतःच फोनवर म्हणते, "ती कुत्री आहेत तोवर नको गं आई." म्हणजे कुत्री गेली की ती येणार. सरळ गोष्ट आहे. बुटकीच्या शाळेला वीस एप्रिलपासून सुट्टी. माझ्या हातात दीड महिना आहे.

बुधवार, ६ मार्च

सकाळी सात वाजता मुकादम दूधवाल्याच्या सायकलमागे. दूधवाला पडला नाही, किटली पडली. लंगडी आणि भुरी दूध चाटत बसल्या. मुकादमने तोंडसुद्धा लावलं नाही, उभा राहून पहारा देत होता. काय रुबाब! नोंद केली.

शनिवार, ९ मार्च

पालिकेच्या भरवशावर बसलो तर झालंच कल्याण. नवं फाटक करायचं ठरवलं. जुनं साडेतीन फुटी, दोन पट्ट्यांमधून हात जाईल एवढी फट, आणि लावायला जोर लागतो. लोकांना पक्की दारं करून देणाऱ्याचं स्वतःचं फाटक हे असं. ही कितीदा बोलली असेल. मी म्हणायचो, "करतो की, लोकांची कामं आधी."

नवं साडेपाच फूट उंच. फळीला फळी भिडवून, मध्ये बोटभरही फट नको. खाली जमिनीपासून फक्त दोन सूत. उंदीर यायचा तर त्यानेही पोट आत घेऊन यावं.

ही चहा घेऊन आली, मापं बघितली, म्हणाली, "तुरुंगाचं करताय का?"

मी म्हटलं, "कुत्री बाहेर ठेवायची आहेत."

"बरं," म्हणाली. हिचं 'बरं' मला कधी आवडलेलं नाही. त्यात नेहमी काहीतरी उरलेलं असतं.

रविवार, १० मार्च

रविवारी पाच वाजता पोरीचा फोन. ही पायरीवर बसून बोलते आणि मी टेबलाशी पॉलिश कागद घेऊन फळी घासतो. रंधा मारला तर आवाजात काही ऐकू येत नाही, म्हणून घासायचंच काम काढतो. आज पाऊण तास बोलल्या. फळी एवढी गुळगुळीत झाली की तिच्यावर माशी बसली तर घसरेल.

बुटकीचा पुढचा दात पडला. शाळेत तिला चित्राचं बक्षीस मिळालं. पोरीला सर्दी आहे. माझं कोणी विचारलं नाही. म्हणजे विचारलं असेल, ही एकदा "हो, आहेत, काम चाललंय" असं म्हणाली. ते माझ्याबद्दलच असणार, दुसरं कोण काम करतं या घरात.

फोन ठेवल्यावर मी सहज विचारलं, "काय म्हणत होती?"

ही म्हणाली, "सगळं ऐकलंत की."

गुरुवार, १४ मार्च

पालिकेत गेलो. नोंदी दाखवल्या. बाईंनी एक छापील अर्ज दिला, तिथेच बाकावर बसून भरला. बाईंनी या वेळी चष्मा चढवला, वाचला आणि अर्ज परत माझ्याकडे सरकवला.

"सातवा रकाना कोरा आहे."

सातवा रकाना असा: कुत्रा आवारात कसा शिरला?

मी म्हटलं, "चार पायांनी."

बाई हसल्या नाहीत. "फाटक होतं ना? मग उघडं होतं का? कोणी ठेवलं? मालकानेच निष्काळजीपणा केला असेल तर साहेब विचारतात. सगळे रकाने भरल्याशिवाय पुढे जात नाही अर्ज."

"बाई, तीन वर्षं झाली. कोणाच्या लक्षात राहणार?"

"मग आठवून आणा," म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

घरी येईपर्यंत अंगाचा नुसता तिळपापड. चावलं कुत्र्याने, आणि विचारतायत फाटकाचं! अर्ज वहीत ठेवलाय. हे लोक काम न करायचे बहाणे शोधतात, दुसरं काय.

मंगळवार, १९ मार्च

आज डोक्यात एक कल्पना आली आणि दिवस कसा गेला कळलं नाही.

फाटक सलग केलं तर बुटकीला बाहेरचं काही दिसणार नाही. तिला बघायची भारी हौस. तीन वर्षांची होती तेव्हा जुन्या फाटकाच्या फटीला नाक लावून तासन् तास उभी असायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "कुठे चाललात?" विचारायची. तर फाटकात तिच्यापुरतं एक भोक ठेवायचं. गोल, दीड इंची, आतून झाकणी. तिला कुत्री दिसतील, पण कुत्र्यांना ती सापडणार नाही.

उंची किती ठेवायची? ते माप घरातच आहे. स्वयंपाकघराच्या चौकटीवर मी तिच्या उंचीच्या रेघा मारायचो, दर वेळी आली की एक. आडवी फूटपट्टी डोक्यावर धरून पेन्सिलीने बारीक रेघ, पुढे तारीख. सगळ्यात वरची रेघ तीन फूट एक इंच. त्यातून डोळ्यांसाठी चार इंच वजा. भोक दोन फूट नऊ इंचांवर. भोक पाडायचा सामता फिरवला, कडा गोल केल्या, बोट फिरवून बघितलं, कुसळ लागायला नको तिच्या गालाला.

मग जुन्या फाटकाच्या फटीला ती फळी उभी लावून, स्वतः गुडघ्यावर बसून त्यातून बघितलं. गल्ली दिसते, गोदामाचं दार दिसतं. पलीकडे मुकादम बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. गुडघे धरले, उठायला वेळ लागला.

हिला बोलावून दाखवलं. ती भोकाकडे बघत राहिली, मग त्यावर तळहात ठेवला आणि आत गेली. आवडलं असावं.

रविवार, २४ मार्च

आज फोन चालू असताना हिने अचानक तो माझ्यापुढे धरला. "घ्या, बोला." माझ्या हाताला भुसा. पायजम्याला पुसला, घेतला.

"हॅलो," पोरगी म्हणाली.

तिचा आवाज थेट कानात असा तीन वर्षांत आला नव्हता. पायरीवरून येतो तो वेगळा. मला खूप बोलायचं होतं. भोकाचं सांगायचं होतं. मी म्हटलं, "तिकडे हवा कशी आहे?"

"बरी आहे."

"सर्दी?"

"गेली."

 मागे बुटकी काहीतरी गात होती. "घे, आईला देतो," म्हटलं आणि फोन देऊन टाकला. मोठमोठ्या कंत्राटदारांशी हुज्जत घालणारा मी, पोरीशी हवापाण्याच्या पुढे गेलो नाही. हिने माझ्याकडे बघितलंही नाही. मी फळी घासायला घेतली, पण घासायला तिच्यात काही उरलं नव्हतं.

गुरुवार, २८ मार्च

आज जे झालं ते नोंद करायचं की नाही, कळत नाही. करतो.

दुपारी चार. नव्या फाटकाची शेवटची फळी घेऊन वखारीतून येत होतो. आठ फुटी, खांद्यावर, दोन्ही हात तिला. जुनं फाटक पायाने ढकललं, आत आलो. फळी टेबलावर ठेवू आणि मग फाटक लावू, असं डोक्यात. टेबलावर सरस पसरलेला होता, तो आधी बाजूला केला, फळी ठेवली, एक टोक खाली येत होतं म्हणून खाली पाचर लावली. असं करता करता दोन मिनिटं गेली असतील.

मागे वळलो तर मुकादम अंगणात. मागे लंगडी, भुरी फाटकात. आणि ही दोरीवर कपडे वाळत घालत होती, पाठमोरी.

मी ओरडलो. ही वळली, हातात ओलं धुणं. मुकादमने दात दाखवले, आवाज नाही, नुसते दात. हिने ती ओली चादर अंगापुढे धरली आणि तशीच उभी राहिली. मी हातोडा फेकला, तो पत्र्याला लागला, केवढा आवाज झाला. मुकादमने चादरीचा कोपरा धरून एकदा झटकला आणि निघून गेला, चालत. पळालासुद्धा नाही.

मी फाटक लावलं.  हिच्याजवळ गेलो, "लागलं का? लागलं का तुला?"

ही म्हणाली, "नाही." मग फाटलेली चादर घडी करत, माझ्याकडे न बघता, "तेव्हाही असंच झालं होतं ना?"

मी म्हटलं, "कधी?"

"बुटकीला चावलं तेव्हा. मी खिडकीत होते," म्हणाली.

तीन वर्षं हिने तोंडात मिठाची गुळणी धरली होती. मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले," म्हणाली, आणि उरलेले कपडे वाळत घालायला लागली.

शुक्रवार, २९ मार्च

कामाला हात लावला नाही.

शनिवार, ३० मार्च

काल रात्रभर नाही, पण दिवसभर तेच डोक्यात होतं, म्हणून आज लिहून टाकतो. ही वही आता पालिकेला दाखवायची नाही, तेव्हा लाजायचं कोणाला.

त्या दिवशीही फळीच होती. बुटकी अंगणात बसून रंध्याचे छिलके गोळा करत होती, त्यांच्या बांगड्या करून हातात घालत होती. पोरगी तिच्यासाठी पाणी आणायला आत निघाली. जाताना म्हणाली, "बाबा, बघा हं जरा तिच्याकडे." मी म्हटलं, "हो." मग कोपऱ्यावर गाडीवाला फळी उतरवून थांबला होता, ती आणायला गेलो. दोन मिनिटांचं काम. परत आलो, फाटक पायाने ढकललं, मागे उघडंच. फळी ठेवली. सरस वाळेल म्हणून आधी तो लावायला घेतला. बुटकीचा विसर पडला. हो म्हटलं होतं आणि विसरलो.

मग किंकाळी.

दवाखान्यातून आल्यावर, बुटकी कडेवर, पायाला पट्टी, पोरगी रडून रडून सुजलेली. आणि मी काय म्हणालो? दोन शब्द नव्हते ते. मी म्हणालो, "पोर सांभाळता येत नाही तर जन्माला कशाला घातलीस?" हे मी म्हणालो. सगळ्यांसमोर. मोठ्याने. तिने माझ्याकडे बघितलं. तिला माहीत होतं की तिने मला सांगितलं होतं, मला माहीत होतं की मी हो म्हटलं होतं. ती एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

मला वाटायचं ती कुत्र्यांना भ्याली.

तीन वर्षं मी माझ्या पोरीला बघितलं नाही. तिचे केस आता कसे आहेत, मला माहीत नाही. बुटकी कशी चालते, पळताना अजून एक हात बाजूला धरते का, माहीत नाही. आठवण येते असं कधी बोललो नाही. येते. रोज येते. टेबलाखाली छिलके पडले की येते.

अर्ज काढला. सातव्या रकान्यात जागा दोनच ओळींची. बारीक अक्षरात लिहिलं: फाटक मी उघडं ठेवलं. मुलीने नातीकडे लक्ष ठेवायला मला सांगितलं होतं. मी हो म्हटलं होतं. मुलीची काही चूक नाही.

सोमवार, १ एप्रिल

बाईंनी अर्ज वाचला. दोनदा वाचला. म्हणाल्या, "काका, एवढं लागत नाही. 'फाटक उघडं राहिलं' एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं."

मी म्हटलं, "असू दे."

शिक्का मारला. कार्बनची प्रत फाडून मला दिली, "जपून ठेवा." उठताना म्हणाल्या, "नात बरी आहे ना आता?" पहिल्यांदाच काही माणसासारखं बोलल्या. की मीच आधी नीट ऐकलं नव्हतं, देव जाणे.

गुरुवार, ४ एप्रिल

गाडी आली. दोन माणसं, जाळी, लांब काठीला फास. लंगडी आपणहून जवळ गेली, शेपूट हलवत. भुरीला पकडायला अर्धा तास. मुकादम गोदामाच्या दाराला पाठ लावून उभा राहिला आणि हलेना. चावरा होता, सगळ्या गल्लीला माहीत, पण तो तिथून पळाला असता तर सुटला असता. पळाला नाही. जागा सोडली नाही त्याने.

पकडणारा म्हणाला, "हा आता आमच्याकडेच राहील. बाकीच्या दोघींना लस टोचून आठवड्याने परत सोडू. त्या चावणाऱ्या नाहीत. नियम तसाच आहे." मी हुज्जत घातली नाही. ही म्हणाली, "तुमची तब्येत बरी आहे ना?"

रविवार, ७ एप्रिल

फोन मी घेतला, स्वतःहून. "मुकादम गेला," म्हटलं.

"कोण?"

"तो काळा. चावणारा. पालिकेने नेला."

 मग म्हणाली, "बरं झालं."

"सुट्टीत येता का मग?"

"बघते, बाबा."

'बघते' म्हणजे काय, ते मला कळतं. गिऱ्हाईक दाराची किंमत ऐकून 'बघतो' म्हणून जातं, ते परत येत नाही. पण तिने 'बाबा' म्हटलं. ही आत गेल्यावर मी पायरीवर बसून राहिलो. कागदावर लिहिलं ते तोंडाने का निघत नाही? दोन ओळी तर आहेत.

सोमवार, ८ एप्रिल

अर्जाची कार्बन प्रत पाकिटात घातली, पोरीच्या पत्त्यावर टाकली. सोबत चिठ्ठी लिहायला घेतली होती. 'चि.' लिहिलं आणि पुढे काही सुचेना. नुसती प्रत पाठवली. अक्षर फिकं उठलंय, कार्बन जुना होता. लागलं वाचायला तर लागलं.

बुधवार, १० एप्रिल

नवं फाटक बसवलं. पण नुसतं बसवून काय उपयोग? फाटक कितीही उंच केलं तरी उघडं ठेवणारा मीच आहे. फळी आणताना माझे हात भरलेलेच असणार.

म्हणून खांबाला वर कप्पी लावली. फाटकाला दोरी, दोरी कप्पीवरून, पलीकडच्या टोकाला जुन्या तराजूचं पाच किलोचं लोखंडी वजन. फाटक ढकललं की वजन वर जातं, सोडलं की खाली येतं आणि फाटक आपोआप लागतं. खाचेत अडणा पडतो, खट्. विसरायची सोयच ठेवली नाही.

दिवसभरात चाळीस वेळा तरी उघडून सोडलं असेल. ही आतून ओरडली, "पुरे आता, डोकं उठलं!"

शुक्रवार, १२ एप्रिल

लंगडी आणि भुरी परत आल्या, कानाला खूण करून. संध्याकाळी सहाला दोघी गोदामाच्या दाराशी जाऊन बसतात. त्या वेळी पूर्वी चौकीदार यायचा. आज भोकातून बघत बसलो, किती वेळ ते मोजलं नाही. त्या काही केल्या उठेनात. मग मीच उठलो.

रविवार, १४ एप्रिल

पाच वाजले. फोन आला नाही. साडेपाचला हिने केला, उचलला नाही. सहाला परत केला, नाही.

पत्र पोचलं असेल. वाचलं असेल. कागदावर लिहून सुटलात होय बाबा, असं वाटलं असेल तिला. वाटू दे. खरंच आहे. मी उगाच पाठवलं. नाही, उगाच नाही. जीव नुसता टांगणीला लागलाय. जेवायला बसलो, घास फिरत राहिला तोंडात.

बुधवार, १७ एप्रिल

फोन आला. बुधवारी, दुपारी, मी सरस लावत असताना. हिने घेतला, दोन मिनिटं ऐकलं, "हो, हो" म्हणाली, ठेवला. मी टेबलापाशीच उभा, वळलो नाही.

ही जवळ आली. "शनिवारी येतायत. दोघी."

मी म्हटलं, "बरं." आवाज असा विचित्र आला की ही हसायला लागली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. सरस तोवर वाळून गेला. फळी वाया गेली. जाऊ दे.

शनिवार, २० एप्रिल

अकराला टॅक्सी आली. मी फाटकाच्या आत उभा होतो, सकाळी नऊपासून.

मी अडणा उचलला, आधी पोरगी आत आली, दोन्ही हातांत पिशव्या, फाटक खांद्याने ढकलून. केस आखूड केलेत. कानाशी थोडे पांढरे. तिने मागे बघितलं, फाटक लावायला हात मोकळा नव्हता, आणि तेवढ्यात वजन खाली आलं. खट्. ती थांबली. पिशव्या खाली ठेवल्या. फाटक उघडलं, सोडलं. खट्. परत उघडलं. बाहेर बुटकी ओरडली, "आई, मला आत घे ना!"

मग बुटकी आत आली. कोणाला बुटकी म्हणायचं! माझ्या छातीशी आलेली मुलगी. पुढच्या पडलेल्या दाताच्या जागी नव्याची नुसती धार. तिने मला वाकून नमस्कार वगैरे काही केलं नाही, नुसतं निरखून बघितलं.

मी म्हटलं, "तुझ्यासाठी भोक केलंय. बाहेर बघायला."

तिने शोधलं. ते तिच्या छातीशी आलं. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग कंबरेत वाकली, आणखी वाकली, शेवटी गुडघे टेकले आणि डोळा लावला. "इतकं खाली कशाला?"

 हिने तेव्हा त्यावर तळहात का ठेवला होता, ते आत्ता कळलं. हिला दिसलं होतं. मी जुन्या रेघेवर माप घेतलं होतं. तीन वर्षं तिथेच उभी राहील, असं धरून बसलो होतो मी.

"बाहेर दोन कुत्री आहेत," ती भोकातून म्हणाली. "एक लंगडी आहे. तिला हाक मारू?"

पोरगी म्हणाली, "तुला भीती नाही वाटत?"

"कशाची?"

"तुला चावलं होतं ना कुत्रं. इथेच."

"मला कुठे आठवतंय," बुटकी म्हणाली. "मला आजोबा ओरडले ते आठवतं. तुझ्यावर. खूप मोठ्याने." आणि भोकातून डोळा काढून माझ्याकडे वळून, रागाने नव्हे, नुसतं विचारायचं म्हणून, "का ओरडला होतात तुम्ही?"

 मी कुत्र्यांसाठी साडेपाच फुटांचं फाटक केलं, आणि ही पोर ज्याला भ्याली होती तो फाटकाच्या आतच उभा होता.

मी म्हटलं, "माझी चूक झाली होती. फाटक मी उघडं ठेवलं होतं. आणि ओरडलो तुझ्या आईवर. चुकलं माझं."

हे बुटकीला सांगितलं, पण ती काही एकटीच ऐकत नव्हती.

पोरगी पिशवीत काहीतरी शोधत होती. मान वर न करता म्हणाली, "कागद मिळाला तुमचा."

"अक्षर लागलं का? कार्बन जुना होता."

"लागलं," म्हणाली. मग नाक पुसलं. "सर्दी गेली नाहीये अजून."

रविवार, २१ एप्रिल

सकाळी बुटकीला चौकटीशी उभं केलं. फूटपट्टी डोक्यावर, रेघ, तारीख. तीन फूट दहा इंच. जुन्या शेवटच्या रेघेपासून नऊ इंच वर. मधल्या नऊ इंचांत एकही रेघ नाही. मी तिथे बोट फिरवलं. लाकूड तिथे अगदी कोरं आहे. ते आता कोरंच राहणार, त्याला इलाज नाही.

मग दोघांनी मिळून फाटकात नवं भोक पाडलं. सामत्याची मूठ तिने धरली, तिच्या हातांवर माझे हात. कडा तिनेच घासल्या, आणि भोकाच्या वर मजबुतीला आडवी पट्टी मारायची म्हणून मी रेघ आखली. जुनं भोक बुजवायला मी डाट कापला, तर म्हणाली, "ते नका बुजवू, ते लंगडीला राहू दे." लंगडीने खरंच पलीकडून फाटकावर पुढचे पाय टेकून नाक लावलं होतं.

नव्या भोकाला डोळा लावून बघितलं, मग म्हणाली, "पण आजोबा, पुढच्या वेळी मी अजून उंच होणार. मग परत करावं लागेल."

मी पोरीकडे बघायचं धाडस केलं नाही. सामता पुसत बसलो. पोरगी पायरीवर चहा पीत होती, तिची आई जिथे फोनवर बोलायला बसते तिथेच.

ती म्हणाली, "वर जागा सोडून ठेवा, बाबा. तिथे आडवी पट्टी मारू नका."

मी पेन्सिल घेतली आणि वरच्या फळीवर, पट्टीसाठी आखलेली रेघ पुसून टाकली.